मलम, लेझर आणि शेक

दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोन करून मला विषय निवडायचं पूर्ण स्वातंत्र्य दिलं. मी म्हटलं, बायकांच्या जननेंद्रियावर चामखिळी येतात, त्यावर लिहिते. मलम बरं की लेझर, याबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं बरंच आहे. मग ते म्हणाले, "हिवाळ्यात त्वचेची काळजी, असं काही जमेल का मॅडम? अंक घरातले लहानथोर सगळे वाचतात." मी म्हटलं, हा आजारही लहानथोरांच्या घरातच असतो. शेवटी त्यांनी मोठ्या मनाने होकार दिला. सोबत चित्र मात्र छापणार नाही म्हणाले.

दारव्ह्यात मी तीसेक वर्षं त्वचेचा दवाखाना चालवला. पदवीप्रमाणे पाटीवर 'त्वचा, केस व गुप्तरोग तज्ज्ञ' असं लिहायचं होतं. पेंटरने 'गुप्तरोग' तेवढं लाल रंगात आणि बाकीच्या अक्षरांच्या दुप्पट काढलं. "लोकायले दुरून दिसलं पायजे ना मॅडम," असं त्याचं म्हणणं. त्यानंतर सहा महिने एकही बाई पायरी चढली नाही. पुरुष यायचे, पण आत बाई डॉक्टर दिसली की "केस गळतात" असं सांगून परत जायचे. त्यात दोघं-तिघं पार टकले होते. अखेर मी तो शब्द पुसून टाकायला लावला. गुप्तरोग खऱ्या अर्थाने गुप्त झाला, तेव्हा कुठे माझी प्रॅक्टिस चालू लागली.

पहिल्या दिवसापासून माझ्यासोबत सुमनबाई होत्या. त्या नर्स, पण पेशंटना समजावणं, दटावणं आणि प्रसंगी हाकलणं हेही काम त्यांचंच. बाई चपला कशा काढते त्यावरून तिची तक्रार वरची की खालची ते ओळखते, असा त्यांचा दावा होता. तो बरेचदा खरा निघायचा.

या आजाराची पहिली अडचण म्हणजे बायकांकडे त्याला शब्द नव्हता. शरमेने डोळे जमिनीला लावून त्या म्हणायच्या, "मोड आले." आमच्याकडे मोड म्हणजे मूळव्याध. त्यामुळे घरचे तिला नेमाने मूळव्याधवाल्याकडे न्यायचे. तोही न तपासता चूर्ण द्यायचा, कारण बाईमाणसाला तपासणं त्याच्या तत्त्वात बसत नसे. चार-सहा महिने चूर्ण खाऊन पोट साफ व्हायचं आणि मस, म्हणजे या चामखिळी, मात्र वाढत राहायचे. बाई माझ्यापर्यंत पोचायची तोवर चार मसांचे चाळीस झालेले असायचे.

आजार विषाणूचा. शरीरसंबंधातून, कातडीला कातडी लागून येतो. अंगात शिरल्यावर महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं गप्प बसतो. म्हणून तो कोणाकडून आणि कधी आला हे कोणताच डॉक्टर छातीठोकपणे सांगू शकत नाही. नवरे मात्र माझ्याकडे नेमकं तेवढंच छातीठोकपणे ऐकायला यायचे. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर करणारे विषाणू याच कुळातले, पण ते वेगळे भाऊबंद. मस आणणारे सहसा त्या भानगडीत पडत नाहीत. तरी मी प्रत्येकीच्या पिशवीच्या तोंडाची तपासणी करून घ्यायचे, कारण एक भाऊ घरी आला की दुसराही येऊन गेलेला असू शकतो.

आता इलाज. लावायच्या औषधांत एक ॲसिड आहे. ते मीच काडीच्या टोकाने नेमकं मसावर लावायचे. मस पांढरा पडतो, चुरचुरतो, आणि आठवड्याने पुन्हा लावावं लागतं. गरोदर बाईलाही ते चालतं. दुसरं मलम बाईने घरी स्वतः लावायचं, आठवड्यातून तीनदा निजताना, आणि सकाळी धुऊन टाकायचं. हे सोळा आठवड्यांपर्यंत चालतं. लेझरमध्ये जागेपुरती भूल देऊन सगळे मस किरणाने जाळून टाकतात. बहुतेक वेळा एका बैठकीत काम होतं, पण जखम भरायला दोन-तीन आठवडे जातात आणि तेवढे दिवस बसताउठता जीव नको होतो. मस थोडे आणि लहान असतील तर लावायचं औषध पुरतं. खूप असतील, मोठे असतील किंवा आतवर पसरले असतील तर लेझर बरं. दोन्हींनी डोळ्यांना दिसणारा मस जातो, विषाणू आजूबाजूच्या कातडीत राहतो, म्हणून दोन्हींनंतर मस परत येऊ शकतात. हे सगळं सांगायला मला पाच मिनिटं लागायची.

घरी लावायच्या मलमाच्या कागदावर लिहिलेलं असतं, 'आरशात पाहून लावावे.' ज्याने हे लिहिलं त्याच्या घरात न्हाणीला दार असणार. माझ्या बहुतेक पेशंटांच्या घरी आरसा एकच, तोही ओसरीवर, पुरुषांच्या दाढीच्या उंचीला खिळ्यावर टांगलेला. बाईने तो काढून न्हाणीत नेला तर घरभर चौकशी. एकीने ट्यूब तांदळाच्या डब्यात लपवली होती. ती सासूला सापडली आणि तिने टाचेच्या भेगांना चोपडली. आठ दिवसांनी सासू सुनेला घेऊनच भांडायला आली, "सुनेले असं कसं क्रीम देता? माही टाच जयून राह्यली!" सून मागे उभी राहून पायाचा अंगठा जमिनीवर घासत होती. मी सासूच्या टाचेवर इलाज केला आणि सुनेला दुसरी ट्यूब दिली.

पूर्वी एक तपकिरी औषध होतं. ते लावून चार तासांनी धुवायचं असे. एकीने दुपारी लावून घेतलं आणि घरी गेली, तर नळ आलाच नव्हता. प्यायचं पाणी असल्या कामाला वापरायची तिला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी ती फेंगडी चालत दवाखान्यात आली. तेव्हापासून औषध लावण्याआधी सुमनबाई घरी रांजण भरलेला आहे का ते विचारू लागल्या.

लेझरचं मशीन नागपूरच्या एका डॉक्टरांनी नवं घेतलं तेव्हा त्यांचं जुनं माझ्याकडे आलं. त्यावर मखमली कापड घालून ठेवायची वेळ जास्त यायची, कारण लाइट. पण मशीनची पत मोठी होती. ॲसिडची काडी पाहून "एवढंच?" म्हणणाऱ्या बायका मशीनसमोर हात जोडायच्या. मस जळताना धूर निघतो आणि त्या धुरातही विषाणू असू शकतो, म्हणून धूर ओढून घेणारी नळी धरावी लागते. सुमनबाई दोन मास्क लावून ती धरायच्या आणि मास्कच्या आतून म्हणायच्या, "नवऱ्याचं पाप बायकोच्या अंगावर जयते, अन् धूर माह्या नाकात."

आता रंजनाची गोष्ट सांगते. तिला विचारून सांगते आहे. नावं बदलली आहेत, गाव सांगत नाही.

रंजना तेहतिशीची, दारव्ह्यापासून जीपने अर्ध्या तासावरच्या गावातली, दोन मुलांची आई. नवरा विलास सोयाबीन काढायचं थ्रेशर घेऊन हंगामात पार वणीपर्यंत फिरायचा. मूळव्याधीचं चूर्ण खाऊन झाल्यावर सासू गोदाबाई तिला माझ्याकडे घेऊन आली होती. गोदाबाई बाहेर बाकावर बसल्या, रंजना आत आली. तपासलं तर मस इतके पसरलेले की काडीने सहा महिने लागले असते. मी तिला दोन्ही इलाज सांगितले. तिने हिशेब पटकन केला.

"मॅडम, एका डावात होत असन तं तेच करा. दर बाजाराले इथं आली तं जीपमधल्या साऱ्या इचारतीन, का वं, तुले काय झालं?"

"आणि नवऱ्यालाही तपासावं लागेल."

"आंधी मले तं बरं करा," ती म्हणाली. "अन् आत्याबाईले रोगाचं नाव नका सांगू."

आत्याबाई म्हणजे गोदाबाई. पेशंटचं गुपित फोडायचं नाही, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. तेव्हा मी सुमनबाईंना सांगितलं, सासूला नाव न घेता समजावा, पंधरा दिवस हिला वाकायचं काम देऊ नका म्हणावं. सुमनबाई बाहेर गेल्या आणि आपल्या मते अगदी बेमालूम बोलल्या, "काही नाही माय, सुनेले खाली गाठी आहेत. मॅडम लाइटनं शेकून काढतीन."

गोदाबाईंनी पदर तोंडाला लावला. आम्हाला वाटलं, लाजल्या.

आमच्या भागात शेक म्हणजे कॅन्सरचा शेक. नागपूरला जाऊन शेक घेऊन आलेलं माणूस प्रत्येक गावात एक तरी असतं, आणि त्याचं पुढे काय झालं तेही गावाला माहीत असतं. त्यात गाठी, त्याही खाली. इतकी वर्षं या भागात काढलेल्या आम्हा दोघींच्या डोक्यात हे आलं नाही. एक शब्द झाकायच्या नादात आम्ही दुसरा उघडा टाकला होता.

लेझर छान झालं, लाइटसुद्धा गेली नाही. तीन आठवड्यांनी रंजना दाखवायला आली. जखम भरली होती आणि गालही भरले होते. मी म्हटलं, तब्येत सुधारली तुझी. ती हसली आणि म्हणाली, "मॅडम, गावात सारे म्हणून राह्यले का मले कॅन्सर झाला."

मी आधी हसले, मग भडकले. आत्ता गोदाबाईंना आत बोलवते म्हणून उठले, तर तिने माझा हात धरला.

"नका सांगू. आत्याबाई माह्यं ताट वाढून देते. जाऊ पाणी आणते. पोट्ट्यायच्या बापानं परवा माह्यासाठी चहा मांडला. साखर टाकाची भुलले, तरी मी पेली. लग्नाले चवदा साल झाले मॅडम, अन् दुपारच्या पारी मी पयल्यांदा झोपली."

"अगं, पण खोटं आहे ते."

"खरं सांगतलं तं मस कोठून आला ते इचारतीन. मंग माह्यावरच येते."

मी खुर्चीवर बसले. तिचं चुकत नव्हतं. कॅन्सर झाला तर देवाची मर्जी, आणि मस झाला तर बाईची चाल, असा गावाचा न्याय. मी तिच्या केसपेपरवर निदान नीट लिहिलं, इंग्रजीत, म्हणजे घरी कोणाला वाचता येऊ नये. खरं लिहिल्याचं समाधान मला मिळालं आणि खोटं चालू राहिल्याने सगळ्यांची सोय झाली. मी गप्प बसले. त्याची टोचणी आजही आहे.

तीन महिन्यांनी रंजना परत आली, पाच-सहा लहान मस घेऊन. लेझरनंतर असं होतं, मला नवल वाटलं नाही. मस एवढेसे होते, या खेपेला ॲसिडची काडी पुरणार होती. पण गावाच्या दृष्टीने कॅन्सर उलटला होता. आता ती दर आठवड्याला यायची, आणि जीपमध्ये कोणी काही विचारत नव्हतं, उठून जागा देत होते. मी हट्ट धरला की विलासला पाठव, एकट्याला.

तो आला. निवांत गडी, खुर्चीत आरामात टेकून बसला. मी आडून आडून विचारायला लागले, तर त्यानेच सांगून टाकलं.

"मलेबी होते ना मॅडम. दोनेक वर्स झाले. थ्रेशर घेऊन गेलतो तिकडं एका बुढ्यानं घोड्याच्या शेपटीचा केस बांधून देल्ला. आठ दिवसांत गयून पडले."

मलम आणि लेझर यांची तुलना करणाऱ्या जाड पुस्तकांत घोड्याचा केस कुठेच नाही, हे मी त्याला सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "मग रंजनाला कॅन्सर नाही, हे तुला ठाऊक आहे."

"अंदाज होता."

"आणि तू घरी बोलला नाहीस."

"कायले बोलू मॅडम? तिची सेवा तं करूनच राह्यलो. गावात सारे म्हणतात, बायकोले पाहावं तं इलासनं."

त्याच्या थोबाडीत द्यावी असं मला मनापासून वाटलं. दिली नाही. टेबलावर झोप, तुलाही तपासते म्हटलं, तर हंगामाची गडबड आहे म्हणाला आणि उठला. त्याचं गुपितही आता माझ्याच पदरात पडलं होतं, आणि तेही मला फोडता येणार नव्हतं.

पुढच्या आठवड्याला तिघंही आले. विलास बाहेर बाकावर मोबाइल पाहत बसला. रंजना पडद्याआड टेबलावर झोपली, सुमनबाई काडीला कापूस गुंडाळत होत्या. मी हात धुवत होते, तेवढ्यात गोदाबाई आत आल्या. माझ्या टेबलाशी आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "डाक्टरीनबाई, खरं सांगा. किती दिवस काढते?"

"कोण?"

"माही सून. दुसऱ्यांदा उलटला म्हंते सारं गाव." मग त्या आणखी जवळ सरकल्या. "केळापूरकडची एक पोरगी हाये, नवऱ्यानं टाकलेली. माणसं भली हायेत, घाई करून राह्यले. पोट्ट्यायले नव्या मायची सवय झाली पायजे ना? रंजनाच्या डोयासमोर आली तं तिच्याही जीवाले समाधान."

त्या वाईट बोलत नव्हत्या. डोळे पुसत बोलत होत्या. सून जाणार म्हणून त्यांना खरंच दुःख होतं, आणि नातवंडांची सोय लावणं हे त्यांच्या लेखी त्याच दुःखाचं पुढचं काम होतं. पडदा आणि माझं टेबल यांत चार हातांचं अंतर होतं. पडद्याआडची हालचाल थांबली.

चार महिन्यांपूर्वी मी उठून एक वाक्य बोलले असते तर ही केळापूरची पोरगी कोणाच्या स्वप्नात आली नसती. आता बोलावं तर रंजनाच्या परवानगीशिवाय कसं बोलू? आणि मस कोणाकडून आला, हे जन्मात एकदाच मला जवळपास छातीठोक माहीत होतं, तर ते सांगायला मला बंदी. "गोदाबाई, तुम्ही जरा बसा," एवढंच माझ्या तोंडून निघालं.

पडद्याच्या कड्या वाजल्या. रंजना निऱ्या खोचत बाहेर आली. तिचा आवाज सरळ होता.

"आत्याबाई, मी मरत नाही. मले कॅन्सर नाही."

गोदाबाई माझ्याकडे पाहू लागल्या. मी होकारार्थी मान हलवली.

"मस हाये तो," रंजना म्हणाली. "झोपल्यानं होते. एकाचा दुसऱ्याले. मी लग्नाआंधी कोणाले पाह्यलं नाही, अन् लग्नानंतरबी नाही. आता तुमाले का समजाचं ते समजा. पण त्या केळापूरच्या पोरीले कायले आणता? तिलेबी होईन."

मी या दवाखान्यात बायकांना रडताना पाहिलं आहे, नवऱ्यांना भांडताना पाहिलं आहे, एका सासूने तर सुनेला माझ्यासमोर चपलेने मारलं होतं. आता तेच होणार असं धरून मी दोघींच्या मध्ये जायला निघाले. सुमनबाई तर हातात काडी घेऊनच बाहेर आल्या होत्या.

गोदाबाई हलल्या नाहीत. मग त्यांनी सुमनबाईंना विचारलं, "कसा दिसते वं तो? कोंबड्याच्या तुऱ्यावानी?"

"व्हय," सुमनबाई म्हणाल्या.

गोदाबाई खुर्चीवर बसल्या. "मलेबी होते," त्या म्हणाल्या. "इलास पोटात होता तवा. हे एवढाले वाढले. कोणाले सांगू? पानाच्या डब्बीतला चुना लावला. आग आग होये, तोंडात पदर कोंबून पडून राहो. इलास झाला अन् आपोआप गेले. मले वाटे, मीच कायतरी पाप केलं असन."

ही गोष्ट वैद्यकाला धरूनच होती. गरोदरपणात मस फोफावतात आणि बाळंतपणानंतर बरेचदा आपसूक ओसरतात. पण चाळीस वर्षं त्या बाईने स्वतःला पापी समजून काढली होती, आणि मी तिला तिच्या चुन्याचं रसायनशास्त्र काय सांगणार?

गोदाबाईंनी पदराने तोंड पुसलं आणि कोरड्या आवाजात म्हणाल्या, "म्हणजे इलासच्या बापानं मले चुना लावला, अन् मी मसाले चुना लावत बसली."

सुमनबाईंना हसू फुटलं. त्यांनी ते दाबलं, पण रंजनाने ते पाहिलं आणि तिच्याही तोंडातून हसू निसटलं. ते लगेच रडण्यात गेलं. गोदाबाईंनी तिला जवळ घेतलं नाही, त्यांच्यात तशी रीत नव्हती. त्यांनी फक्त तिचा निसटलेला पदर तिच्या खांद्यावर नीट टाकला. मग उठून दाराशी गेल्या.

"इलास! इकडं ये."

विलास मोबाइल खिशात टाकत आत आला. आईचा चेहरा पाहून दारातच थांबला.

"आंधी केळापूरवाल्यायले फोन लाव. सून चांगली हाये, पाहुणी नोको म्हण."

"काहून? काय म्हणाल्या मॅडम?"

"मॅडम काही नाही म्हणाल्या. फोन लाव."

त्याने फोन लावला. तीन वाक्यांत पाहुण्यांना नाही म्हणून झालं. गोदाबाई कंबरेवर हात ठेवून ऐकत होत्या. फोन बंद झाल्यावर त्यांनी पडद्याआडच्या टेबलाकडे बोट केलं.

"आता तथी जाऊन झोप."

"मा, मले काय झालं?"

"थे डाक्टरीनबाई पाह्यतीन. पँट काढ."

विलासने माझ्याकडे पाहिलं, सुमनबाईंकडे पाहिलं, शेवटी बायकोकडे पाहिलं. रंजनाने डोळे पुसले आणि त्याला आत जाता यावं म्हणून पडदा बाजूला धरला.